बंद पेट्रोल पंपाची जागा (पुणे)

विक्री थांबलेल्या पंपाच्या आवारातील भूमिगत टाक्या, नळ, मुरलेले इंधन आणि त्यामुळे बिघडलेले भूजल यांचा बंदोबस्त करून जागा दुसऱ्या वापरास योग्य करण्याचे काम. यंत्रे उचलून पत्र्याचे कुंपण ठोकले की पुण्यात ‘पंप उठला’ म्हणतात. खालची जमीन मात्र इतक्या लवकर मोकळी होत नाही.

पंपाचा परवाना पेट्रोलियम अधिनियम, १९३४ आणि पेट्रोलियम नियम, २००२ यांखाली ‘पेसो’ या केंद्रीय यंत्रणेकडून मिळतो. तिचे मुख्यालय नागपूरला आहे. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण तळाशी उरलेल्या थोड्याशा पेट्रोलची वाफ हवेत मिसळून स्फोटक होते. म्हणून टाकी आधी वायुमुक्त करतात, तसे प्रमाणपत्र घेतात आणि मगच गॅसकटर लावतात. तळचा गाळ धोकादायक कचऱ्यात मोडतो. तो राडारोड्याच्या ट्रकमध्ये टाकून चालत नाही. पुणे परिसरासाठी रांजणगाव औद्योगिक वसाहतीत अशा कचऱ्याचे सामायिक प्रक्रिया केंद्र आहे.

जुन्या पंपांचा इतिहास मालकीतही गुंतलेला आहे. एस्सो (१९७४), बर्माशेल (१९७६) आणि कालटेक्स (१९७७) या कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेव्हा त्यांचे जागांचे भाडेपट्टेही नव्या सरकारी कंपन्यांकडे आले. या भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जागा एकाची, टाकी दुसऱ्याची, धंदा तिसऱ्याचा, अशा ठिकाणी गळतीचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न शेवटच्या दिवशीच निघतो. काळाचा आणखी एक ठसा मातीत राहतो : देशभर शिसेमुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले. त्याआधीच्या पंपाची माती तपासताना शिसेही पाहावे लागते.

खरी अडचण पुण्याच्या खडकाची. वाळूच्या प्रदेशात गळलेले तेल बऱ्यापैकी अंदाज बांधता येईल असे पसरते. दख्खनच्या बेसाल्टात पाणी वरच्या मुरमात, मांजऱ्या (सच्छिद्र) खडकाच्या झिजलेल्या भागात आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत असते. भेग जिकडे तिकडे तेल. त्यामुळे पंपाला लागून असलेल्या विंधनविहिरीत काही न सापडता चार इमारती पलीकडच्या विहिरीत तवंग दिसू शकतो. जुन्या पेठांत माणसाने केलेल्या वाटाही आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेली नहर आणि तिचे उच्छ्वास (हवेसाठीचे झरोके), शिवाय नंतरची गटारे व केबलचे चर यांतून वाफ आणि पाणी दोन्ही सरकू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपासाठी शाळा, रुग्णालये व वस्तीपासून ५० मीटर अंतर सांगितले. ते अंतर जमिनीवर मोजायचे असते, भेगांना टेप लावता येत नाही.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर तरंगते. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि तेलाचा थर तिच्याबरोबर वरखाली होत मधला सगळा मुरूम माखून टाकतो. एकदाच, तेही सोयीच्या महिन्यात घेतलेला नमुना म्हणूनच फसवा ठरतो. मे महिन्यात एक आणि पावसाळा संपल्यावर एक, असे निदान दोन तरी हवेत.

वासावर विसंबू नये. सध्याच्या पेट्रोलमध्ये कमाल १ टक्का बेंझीन असू शकते, म्हणजे एका लिटरात साधारण पावणेनऊ ग्रॅम. कर्करोगकारक असलेल्या या द्रव्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. एका लिटर पेट्रोलातले सारे बेंझीन विरघळले, तर पावणेनऊ लाख लिटर, म्हणजे दहा हजारी सत्त्याऐंशी टँकर पाणी मर्यादेला टेकते. प्रत्यक्षात बरेचसे उडून जाते, काही जिवाणू खातात. तरी प्रमाणाची कल्पना यावी.

सफाईचे मार्ग ठरलेले आहेत : माखलेली माती उकरणे, मातीतली वाफ ओढून घेणे, तरंगते तेल उपसणे, पाणी उपसून गाळणे, किंवा जिवाणूंना वेळ देऊन पाहत राहणे. शेवटचा स्वस्त आणि म्हणून सर्वांत लाडका. पण इथेनॉलमिश्रित पेट्रोल असल्यास जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात आणि बेंझीन मागे पडते.

बाधित जागांसाठी स्वतंत्र केंद्रीय नियम २४ जुलै २०२५ रोजी अधिसूचित झाले. संशयित जागांची माहिती स्थानिक संस्था वा जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याने भरायचा, असा त्यांचा गाभा आहे. त्याआधी अशी प्रकरणे प्रामुख्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात जात. चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये २०१३ साली विंधनविहिरींतून तेल येऊ लागले ते प्रकरणही तिकडेच गेले. त्या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यातच आहे.

उठलेल्या पंपाच्या जागी येणाऱ्या इमारतीला तळघर लागते, तळघराच्या खड्ड्यात पाणी साचते आणि ते पंप लावून पावसाळी गटारात सोडले जाते. भूजल तपासायची सर्वांत सोपी संधी हीच. त्या पाण्याचा नमुना गटाराआधी प्रयोगशाळेत गेला पाहिजे, आणि निरीक्षणासाठी घेतलेल्या विंधनविहिरींची तोंडे पेव्हर ब्लॉकखाली गाडली जाऊ नयेत.