तिरकमठ्याचं रान

मंडळी, आजचा विषय वाचून काहींनी कपाळाला आठ्या घातल्या असतील. देवरूखात बसून शिकारीवर काय बोलायचं? आणि तीही धनुष्यबाणाच्या? पण धनुष्यबाणाने शिकार करायला जगातली सर्वांत सुंदर रानं कोणती, अशा याद्या हल्ली पुष्कळ निघतात. अलास्का, मोंटाना, न्यूझीलंडचे डोंगर, नामिबियाचा माळ. फोटो खरोखर देखणे असतात. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची खोड अशी, की मी 'सुंदर' या शब्दापाशीच अडकतो. रान सुंदर कुणाला दिसतं? विमानाने येऊन आठ दिवसांनी परत जाणाऱ्याला, की त्याच रानात जन्म काढणाऱ्याला?

आधी हत्यार समजून घेऊ. बंदुकीने लांबून मारता येतं. बांबूच्या कामठ्याने तसं जमत नाही, जनावराच्या अगदी जवळ जावं लागतं. आपल्या सह्याद्रीत तर पुढचं वीस-पंचवीस पावलांवरचं दिसत नाही. मार्लेश्वरच्या वरचं रान डोळ्यांसमोर आणा. कारवी, जांभूळ, हिरडा, बेहडा, खाली पाचोळ्याचा थर. तिथे भेकराच्या जवळ पोचायचं तर वारा आपल्या तोंडावर यायला हवा, पाठीमागून वाहिला की संपलं. थंडीत सकाळी पाचोळा दवाने ओला असतो तोवर पाऊल वाजत नाही, उन्हं चढली की प्रत्येक पाऊल पापडासारखं वाजतं. पाणवठा कुठे, कुठल्या झाडाची फळं कधी गळतात, भेकर कुणाला बघून भुंकतं, हे सगळं ठाऊक हवं. सांगायचं असं, की तिरकमठा घेतलेल्या माणसाला रान वाचावंच लागतं.

हे आपल्या जुन्या लोकांना माहीत होतं. अर्थशास्त्रात राजाच्या व्यसनांची चर्चा आहे. जुगार वाईट की मृगया, असा वाद आहे. पिशुनाच्या मते मृगया वाईट. कौटिल्य त्याला उत्तर देतो: मृगयेत व्यायाम होतो, चरबी झडते, हलत्या लक्ष्यावर नेम बसतो, आणि चिडलेल्या, भ्यालेल्या जनावराच्या मनात काय चाललंय ते कळतं. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या जिवाच्या मनाचं ज्ञान! ज्ञानमीमांसेच्या वर्गात यावर तासन् तास डोकं फोडलं जातं. कौटिल्याने ते एका वाक्यात शिकाऱ्याच्या पदरात टाकलं.

पण राजाची शिकार आणि कातकऱ्याची शिकार एक नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मृगया हा राजाचा एक विनोद आहे, म्हणजे करमणूक. माणसाळवलेलं हरीण पुढे करायचं, कुत्रे सोडायचे, चित्ते सोडायचे. रान राजासाठी आधी तयार केलेलं. त्याच्या पदरी जे पारधी होते, खरी विद्या त्यांची. ग्रंथावर नाव राजाचं.

कालिदास याहून पुढे जातो. दुष्यंत हरणामागे धनुष्य ताणून येतो आणि तपस्वी मध्ये पडतात: हा आश्रमाचा मृग आहे, मारू नकोस. राजा बाण उतरवतो. पुढे आश्रमात शिरताना धनुष्य आणि दागिने सारथ्याकडे देतो. रानातच एक रेघ आहे, तिच्या पलीकडे बाण चालत नाही. आपल्याकडे ही रेघ देवराईने आखली. संगमेश्वर तालुक्यात अशा राया अजून आहेत. लाकूड तोडायचं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी प्राणीही मारायचा नाही. बाहेर मात्र पारध चाले. गाव जमायचं, हाकेकरी रान उठवायचे, नेमबाज खिंडीत बसायचे, वाटे गावात पडायचे. पुढे तिथे ठासणीची बंदूक आली. म्हणजे गावाने स्वतःच ठरवलं होतं, मारायचं कुठे आणि थांबायचं कुठे.

आता एक साल लक्षात ठेवा: १८७८. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. शस्त्र कायद्याने 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदूक, तलवार, भाला यांच्याबरोबर धनुष्यबाणही घातला. वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचा अधिकार दिला, आणि राखीव जंगलात नियमाबाहेर शिकार करणं, फास लावणं हा गुन्हा झाला. शस्त्र कायद्यात सूट द्यायची सोय होती, ती गोऱ्या साहेबांना मिळालीही. पण बघा, हत्यार एका कायद्यात बांधलं आणि रान दुसऱ्या. खानदेशात याची सुरुवात आधीच झाली होती. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम याने भिल्लांची पलटण उभारली. त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी करून त्याने त्यांचा विश्वास मिळवला, मग त्यांच्या हाती सरकारी बंदूक दिली. माणूस धाडसी होता, यात शंका नाही. पण भिल्लांची विद्या वापरूनच भिल्लांचं रान शांत केलं गेलं, हेही तितकंच खरं.

हेच अमेरिकेत कसं घडलं ते सांगतो, कारण त्या देखण्या याद्यांचं मूळ तिथे आहे. कॅलिफोर्नियात याही नावाचे लोक होते. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांची कत्तल केली. १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ त्यांच्यातला शेवटचा माणूस उपाशी अवस्थेत सापडला. त्याने आपलं नाव कधी सांगितलं नाही, म्हणून त्याला 'इशी' म्हणू लागले, त्यांच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. विद्यापीठाने त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात ठेवलं. तिथला डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य बनवायला, दबा धरायला शिकला. १९१४ मध्ये अभ्यासक मंडळी इशीला घेऊन त्याच्या जुन्या डोंगरात, डीअर क्रीकच्या खोऱ्यात गेली. ज्या रानात त्याची माणसं मारली गेली, त्याच रानात! १९१६ मध्ये तो क्षयाने गेला. १९२३ मध्ये पोपचं पुस्तक आलं, आणि धनुष्याच्या शिकारीचा छंद अमेरिकेत पसरला. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्धाऱ्यांसाठी हरणांच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला. १९६१ पासून त्यांची एक मोठी संस्था आहे, ती पोप आणि त्याचा सोबती यंग यांच्या नावाने. त्या नावात इशी नाही.

आता परत घरी येऊ. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आधी परवान्याची शिकार ठेवली होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. हे योग्यच झालं असं माझं मत आहे. राधानगरी-दाजीपूरचं रान एकेकाळी कोल्हापूर दरबारचं शिकारीचं रान, आज तिथे गवे सुखाने चरतात. प्रचितगडापासून वरचा भाग २०१० पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. पण कायदा झाला म्हणजे मारणं थांबलं, असं समजू नका. आपल्या जिल्ह्यात डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे, सरकारी जंगल फार थोडं. रानडुक्कर भात लोळवतो, शेतकरी वैतागतो, आणि कुणीतरी तारेची फासकी लावतं. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याची बातमी आपण वरचेवर वाचतो. तिरकमठेवाल्याला समोर कोण उभं आहे ते दिसत होतं. मादी आहे, गाभण आहे, पिल्लू बरोबर आहे, हे बघून तो हात आवरू शकत होता. सगळेच आवरत होते असं मी म्हणत नाही, पण आवरण्याची जागा तरी होती. फासकी लावणारा रात्री घरी झोपलेला असतो.

जाता जाता एक गंमत. हल्ली स्पर्धेत जे कप्पीचं धनुष्य दिसतं, त्याचा पेटंटसाठी अर्ज मिसुरीच्या हॉलेस ॲलन याने १९६६ मध्ये केला, आणि ते तिकडे मुख्यतः हरणाच्या शिकारीसाठीच खपलं. तेच धनुष्य घेऊन साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, वयाच्या सतराव्या वर्षी. सातारा म्हणजे आपल्याच घाटाची पलीकडची बाजू.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाला तसलं सुंदर रान बघायचंच असेल, तर माघात पहाटे शृंगारपुरापासून प्रचितगडाच्या वाटेला लागा. वन खात्याला विचारून, आणि गावातला वाटाड्या घेऊन. त्याला त्याची मजुरी द्या. पाण्याच्या जागेपासून पंचवीस पावलांवर, वारा तोंडावर घेऊन, उन्हं चढेपर्यंत बसा. हातात काही नको.

आता प्रश्न घेऊ. रानडुकरांचा प्रश्न कुणीतरी विचारणारच आहे, तो आधी येऊ द्या.