रुळांपासून १३ किलोमीटर

रेल्वे आणि पोलादाने जग बदललं, असं म्हटलं की आपल्याला मँचेस्टर आठवतं, फार तर बोरीबंदर ते ठाणे. आज मी तुम्हाला अशा गावी नेतो, जिथे अजूनही रेल्वे स्टेशन नाही. गावाचं नाव तिरुवैयारु. ते तंजावरच्या उत्तरेला १३ किलोमीटरवर, कावेरीच्या काठी आहे. वाटेत वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी, अशा पाच नद्या लागतात. गावाचं नावही या पाच नद्यांवरूनच पडलं.

तंजावर म्हणजे व्यंकोजीराजांच्या वंशाचं, आपल्या भोसल्यांचं राज्य. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र नसताना वारले आणि कंपनी सरकारने राज्य खालसा केलं. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८६१ मध्ये, नागपट्टणम बंदरापासून तंजावरपर्यंत आगगाडी आली. १८६२ मध्ये ती तिरुचिरापल्लीला पोचली. ग्रेट सदर्न ऑफ इंडिया रेल्वे ही कंपनी लंडनची. तिच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. म्हणजे गाडी तोट्यात चालली, तरी फरक भरणार इथला रयत.

आता लोखंडाकडे बघा. तंजावरच्या उत्तरेला किनाऱ्यावर परंगीपेट्टई आहे. इंग्रज त्याला पोर्टो नोव्हो म्हणत. तिथे १८३० च्या दशकात जोसाया हीथ याने लोखंडाचा कारखाना काढला होता. खनिज सेलमकडचं, भट्टीला लोणारी कोळसा. आसपासचं जंगल संपत गेलं तसं लाकूड महागलं, आणि विलायती मालापुढे हा कारखाना टिकला नाही. रुळांची खरी मागणी सुरू झाली तेव्हा रूळ आणि इंजिनं बोटीने इंग्लंडहून आली. माझ्या मते या कथेतली सर्वात महागात पडलेली गोष्ट हीच. इंग्लंडमध्ये रुळांच्या मागणीने पोलादाचा धंदा उभा केला. आपल्याकडे रेल्वे आधी आली आणि जमशेदपूरला टाटांच्या भट्टीतून पोलाद निघायला १९१२ साल उजाडलं.

इथे जे मिळालं, तेही जागेवर राहिलं नाही. रेल्वेचा मोठा कारखाना नागपट्टणमला होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो तिरुचिरापल्लीजवळ पोन्मलैला, म्हणजे गोल्डन रॉकला हलला. बंदराचं गाव मागे पडलं आणि जंक्शनचं गाव वाढलं.

रोजच्या जगण्यात काय बदललं? कावेरीच्या खोऱ्यातला भात बैलगाडीऐवजी वाघिणीतून लांब जाऊ लागला. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात रेल्वेने धान्य पोचवलं, हे खरं. पण जिथे पीक बरं होतं तिथलं धान्यही भावाच्या मागे बाहेर गेलं. पिकवणाऱ्या गावातच तांदूळ महागला, तर मजुराला शेजारून जाणाऱ्या गाडीचा काय आनंद? याच वाटेने नागपट्टणमला पोचून कितीतरी मजूर मलायाच्या बोटीत चढले.

आणि तिरुवैयारु? संत त्यागराज १८४७ मध्ये इथेच समाधिस्थ झाले. पुढे आठ वर्षांत दरबार संपला, गायक-वादकांचा आधार गेला. अनेकांनी मद्रासची वाट धरली. तिथल्या संगीत सभा हाच नवा आश्रय होता. रेल्वेने कलावंत शहराकडे नेले, तसे वर्षातून एकदा परतही आणले. विसाव्या शतकात पुष्य वद्य पंचमीच्या आराधनेला दूरदूरचे गायक तंजावरला उतरून पाच नद्या ओलांडत इथे येऊ लागले. मद्रासला नाव कमावलेल्या बंगळूर नागरत्नम्मांनी स्वतःच्या पैशाने समाधीवर मंदिर बांधलं, ते १९२५ मध्ये. पूर्वी ज्या परंपरेला राजाचा खजिना पोसत होता, तिला आता तिकीट काढून येणारे लोक पोसू लागले.

म्हणून माझं सांगणं एवढंच. रेल्वेचा हिशोब फक्त स्टेशनांच्या यादीवरून मांडू नका. रूळ ज्या गावाला शिवले नाहीत, तिथल्या भाताचा भाव आणि तिथलं गाणं, दोन्ही रुळांनीच बदललं. तुमच्या गावापासून सर्वात जवळचं स्टेशन किती लांब आहे आणि ते आल्यावर गावातून काय गेलं, काय आलं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भेटू पुढच्या भागात.