वायरचे दागिने घरी कसे बनवायचे? आधी योग्य वायर ओळखा!

रील्समध्ये कोणी वायर वळवून दोन मिनिटांत कानातले बनवताना दिसलं की वाटतं, हे तर आपल्यालाही जमेल. मलाही तसंच वाटलं. हार्डवेअरच्या दुकानातून बाइंडिंग वायर (सळया बांधायला वापरतात ती) आणि चमकणारे वॉशर आणले, कानातले बनवले आणि ताईला दिले. दुसऱ्या दिवशी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होऊन सुजल्या. म्हणून डिझाइन नंतर, आधी वायरबद्दल बोलूया.

चुकलं कुठे?

बाइंडिंग वायर लोखंडाची असते, घामाने गंजते. चमकणाऱ्या नट-वॉशरवर बऱ्याचदा जस्ताचा किंवा निकेलचा मुलामा असतो आणि निकेलची अ‍ॅलर्जी अनेकांना असते. युरोपियन युनियनमध्ये टोचलेल्या कानात घालायच्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटलं पाहिजे, असा नियम आहे. त्यामुळे कानाच्या भोकात जाणारा हुक चांदीचा, तयार घ्या. खाली लटकणारा भाग मात्र घरी बनवा.

मग कोणती वायर?

तांब्याची. मोटर रिवायंडिंगच्या दुकानात ती गेजवर मिळते. गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, इथे सगळे गोंधळतात. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, २० म्हणजे ०.९ आणि २४ म्हणजे ०.५६. आकार द्यायला २० आणि गुंडाळायला २४ घ्या.

घरात पडलेल्या वायरचा गेज माहीत नाही? पेनावर अगदी चिकटून दहा वेढे घ्या, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि झूम करा. वेढ्यांची एकूण रुंदी भागिले दहा, झाली जाडी!

खराब इअरफोनची वायरही टाकू नका. आत लाल, हिरव्या, सोनेरी रंगाच्या केसाएवढ्या बारीक तारा असतात. त्यांचा पीळ छान दिसतो. फक्त प्लास्टिक ब्लेडने सोला, जाळू नका. पीव्हीसीचा धूर विषारी असतो.

बनवताना

कड्या हव्यात तर वायर खिळ्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळा आणि कटरने एकेक वेढा कापा. कडी उघडताना टोकं बाहेर ताणू नका, एक पुढे आणि एक मागे करा, नाहीतर गोलाई परत येत नाही. कापलेलं टोक कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर ते ओढणीत अडकतं.

तांबं सारखं वाकवलं की कडक होऊन तुटतं. उघडी तार असेल तर पक्कडीत धरून गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका, पुन्हा मऊ होते. काळी पडली तर चिंच-मीठ लावा. वायंडिंग वायरवर मात्र इनॅमलचा थर असतो, ती तापवू नका.

उघड्या तांब्याने त्वचा हिरवी झाली तर घाबरू नका, साबणाने जाते. आतून पारदर्शक नेलपॉलिशचा हात मारला की काही दिवस तेही होत नाही. ताई आता चांदीच्या हुकातले वापरते, पण आधी मला विचारते, "वॉशर कुठला लावलायस?"