चौकटीबाहेरचे पाटण

निसर्गाला इतिहास नसतो, अशी एक सोयीस्कर समजूत पक्षीनिरीक्षकांत, आणि छायाचित्रकारांत तर विशेषच, रूढ आहे. राज्ये येतात आणि बुडतात, खंड्या मात्र त्याच फांदीवरून पाण्यात सूर मारतो, असे आपण म्हणतो. पण ते झाड कोणी लावले आणि ते पाणी तेथे केव्हा आले, असे विचारले की इतिहास सुरू होतो. हा प्रश्न आम्ही सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यापुरता येथे विचारून पाहत आहोत.

पाटण हे केरा आणि कोयना यांच्या संगमावरचे गाव. घराजवळचे पक्षी पाहायला येथे फार चालावे लागत नाही. नदीकाठी धोबी आणि खंड्या, भातखाचरात वंचक, परसात दयाळ आणि शिंपी. पश्चिमेला हेळवाकच्या दिशेने निघाले की पाऊस वाढत जातो, रान दाटते आणि पक्ष्यांची नामावळीही बदलते. मलबारी राखी धनेश, कर्णा, शीळकरी कस्तूर ही मंडळी ओल्या रानाची. पुढे कुंभार्ली घाट उतरला की कोकण.

या मुलखाच्या पक्ष्यांची लिखित नोंद ब्रिटिश अमदानीत सुरू झाली. कर्नल सायक्स याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी 1832 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केली. एका रातव्याच्या शास्त्रीय नावात त्याने मराठ्यांच्या मुलखाची आठवण ठेवली, ती ‘महारात्तेन्सिस’ या शब्दात आजही टिकून आहे. पुढे अ‍ॅलन ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात विडालची दक्षिण कोकणाची यादी 1880 मध्ये आली आणि बटलरची दख्खन व दक्षिण महाराष्ट्राची यादी 1881 मध्ये. कोयनेचे खोरे या दोन मुलखांच्या शिवेवरच पडते. त्या काळी पक्षी ओळखणे म्हणजे बहुधा तो बंदुकीने पाडून हातात घेणे होते. सालीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक 1941 साली निघाले आणि जिवंत पक्षी दुर्बिणीतून ओळखण्याची विद्या सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. छत्तीस चित्रांचे रीळ जपून वापरणारा छायाचित्रकार त्यानंतरचा, आणि एका सकाळी हजार चित्रे टिपणारा अगदी अलीकडचा.

साधने अशी सौम्य होत गेली, हे चांगलेच झाले. मात्र याच काळात त्या दुर्बिणीसमोरचा मुलूख मुळापासून बदलत होता. कोयना धरणाचे काम 1950 च्या दशकात सुरू झाले. पाणी अडले आणि शिवसागर जलाशय पसरला. खोऱ्यातली अनेक गावे उठली. माणसे आपले देव आणि भांडीकुंडी घेऊन दूरच्या जिल्ह्यांत गेली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. 1985 मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, 2010 मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले आणि 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात त्याची गणना झाली.

ज्या उतारांवर पूर्वी नाचणी आणि वरी होत असे, तेथे नांगर थांबला आणि रान परत आले. त्या रानात जुन्या गावठाणांच्या खुणा अजून सापडतात: घरांची जोती, देवळाचा चौथरा, पायऱ्यापायऱ्यांची शेते, आणि माणसाने लावलेले आंबे-फणस. अशा जागी टिपलेल्या धनेशाच्या चित्राखाली ‘अस्पर्श अरण्य’ असे लिहिलेले आढळले की आम्हांला थांबावेसे वाटते. चौकटीत पक्षी आला, जोते बाहेर राहिले. तो फणस ज्यांच्या आजोबांनी राखला, त्यांच्यापैकी कित्येकांना पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी 2018 सालीही कोयनानगरला आंदोलनास बसावे लागले. अभयारण्य नको होते, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण त्याची किंमत कोणी भरली, हे चित्र पाहणाराला कळलेच नाही, तर ते चित्र सुंदर असूनही अपुरे आहे.

पठारांची गोष्ट याहून अलीकडची. चाळकेवाडी आणि वनकुसवडे येथील सड्यांवर विसाव्या शतकाच्या अखेरीस पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. पातीचा खांब चौकटीत येऊ नये म्हणून छायाचित्रकार तेथे कोन शोधत फिरतो. पण पक्ष्यांची कथा त्या खांबाशीच बांधलेली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. शत्रू घटल्याने गळ्याला निळा पंखा असलेल्या तेथल्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांची भीती कमी झाली. गर्दीमुळे त्यांची अंगकाठी मात्र खालावली. धूर न सोडणारी वीज चांगली, हे मान्य करूनही तिचा हिशेब सड्यावर कोणाच्या नावे मांडला जातो, हे येथे दिसते. खांब वगळून घेतलेल्या चित्रात रिकाम्या आकाशाचे कारणच उरत नाही.

म्हणून पक्षीनिरीक्षकाच्या वहीला आम्ही कॅमेऱ्याहून अधिक मान देतो. वहीत तारीख असते, ठिकाण असते, जवळ काय उभे होते याची नोंद असते. बटलर-विडाल यांच्या याद्या आज उपयोगी पडतात त्या अशा नोंदींमुळेच. पाटणच्या डोंगरात जाणाऱ्याने पक्ष्याच्या नावाशेजारी त्या जागेचे जुने नावही विचारून लिहावे. ते सांगू शकणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत, आणि त्यांतली बरीच पाटणात राहत नाहीत.