व्यत्यय आणि विचारणा : नेटवर्क कार्डाच्या इतिहासातील एक प्रकरण

नगर–सोलापूर मार्गावरील मिरजगावी टपाल आले आहे, अशी कल्पना करावी. प्रत्येक पत्रागणिक हातचे काम टाकून उठावयाचे असे पोस्टमास्तराने ठरविले, तर दहा पत्रांच्या दिवशी ते निभेल. हजार पत्रांच्या दिवशी तो केवळ उठत-बसत राहील आणि वाटप मुळीच होणार नाही. संगणकातील नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर प्रारंभी याच रीतीने चाले. पॅकेट आले की कार्डाने व्यत्यय द्यावा आणि प्रोसेसरने चालू काम सोडून ते उचलावे.

वाढत्या वेगापुढे ही रीत टिकली नाही. गिगाबिट ईथरनेटवर लहानांत लहान पॅकेटे सलग आली, तर सेकंदाला सुमारे १४ लक्ष ८८ हजार भरतात. प्रत्येकाच्या वाट्यास अवघे ६७२ नॅनोसेकंद येतात. तथापि आपत्ती त्याही आधीची होती. भार वाढता वाढता यंत्र व्यत्ययांतच गुंतून पडते व प्रत्यक्ष काम शून्यावर येते, हे जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली दाखविले. पहिल्या व्यत्ययानंतर पुढील व्यत्यय रोखावेत, ड्रायव्हरने आपणहून विचारणा करून ठराविक संख्येपर्यंत पॅकेटे उचलावीत आणि रांग सरली की व्यत्यय पुन्हा मोकळे करावेत, असा त्यांचा उपाय होता. यात अतिरिक्त पॅकेटे कार्डापाशीच गळतात; त्यांच्यावर प्रोसेसरचे श्रम खर्ची पडत नाहीत. सालिम, ओल्सन व कुझ्नेत्सोव यांनी २००१ साली हेच तत्त्व ‘नॅपी’ या नावाने लिनक्ससाठी मांडले.

पुण्याच्या सी-डॅकने (स्थापना १९८८) निराळी वाट धरली. ‘परम १००००’ (१९९८) या महासंगणकासाठी तेथे ‘परमनेट’ हे जाळे घडविले गेले; त्यावरील ‘क्षिप्रा’ या हलक्या संदेशव्यवस्थेचा रोख कर्नेलचा वळसा टाळण्यावर होता. ‘परम’चे गुणगान करणारे १०० गिगाफ्लॉपचा आकडा सांगून थांबतात, हे मला अन्यायाचे वाटते. काम अनेक प्रोसेसरांत विभागले की शेजाऱ्याच्या संदेशासाठी ताटकळण्यात गणनेचा वेग वाया जातो. अर्थात कर्नेलला वगळणे पुण्यात शक्य झाले, याचे कारण तेथील जाळे बंदिस्त होते व सर्व प्रेषक घरचेच होते. सार्वजनिक जाळ्यावर अनोळखी पॅकेटाची झडती घेणारा कोणी तरी लागतोच.

इंटेलच्या ‘डीपीडीके’ने २०१० पासून ही वाट सर्वसामान्य सर्व्हरांवर आणली. तेथे व्यत्यय नाहीत. परंतु पॅकेट येवो न येवो, प्रोसेसरचा एक गाभा अखंड विचारणा करीत राहतो. पोस्टमास्तर रिकाम्या पेटीपाशीही अहोरात्र उभाच असतो.