बंड : शब्द कुणाच्या बाजूचा?

‘बंड’ म्हटले की आज आपल्याला उमाजी नाईक आठवतात. १८३२ साली इंग्रजांनी त्यांना पुण्यात फाशी दिले. पण राज्यकर्त्याच्या तोंडी हा शब्द गौरवाचा नव्हता. बंड ‘माजते’ आणि ते ‘मोडायचे’ असते. ही क्रियापदेच शब्दाची मूळ बाजू सांगतात.

‘बंडखोर’ तर त्याहून बोलका. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय, मूळ अर्थ ‘खाणारा’. लाचखोर, चुगलखोर, हरामखोर ही त्याची भावंडे!

१८५७ च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या वेढ्यात सापडले. राणी लक्ष्मीबाईंविषयी त्यांच्या लेखणीत आदरच आहे. तरीही चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ला ओळख मिळाली ती ‘बंडाची हकीकत’ म्हणून.

दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, सावरकरांच्या ग्रंथाने हा शब्द नाकारला आणि ‘स्वातंत्र्यसमर’ म्हटले. हा केवळ अलंकार नव्हे. बंड धन्याविरुद्ध होते. समर दोन पक्षांत होते. ‘बंड’ म्हटले की इंग्रजांचे धनीपण आधीच मान्य होते.

तथापि लोकांनी हा शब्द टाकला नाही. १८७९ चा वासुदेव बळवंत फडके यांचा उठाव ‘फडक्यांचे बंड’ म्हणूनच सांगितला गेला, आणि त्यात अवहेलना कुणाला जाणवली नाही. माझ्या मते शब्दाचा खरा पालट इथे झाला. कोशात नव्हे, बोलण्यात.

आता निवडणुकीत तिकीट नाकारलेला उमेदवारही ‘बंडखोर’ असतो, आणि पक्ष त्याचे बंड ‘मोडत’ नाही, ‘थंड’ करतो.