समोर खरा किल्ला असताना

मी आठ-नऊ वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदा मातीचा किल्ला केला. तेव्हा आमचं मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. आमच्याकडची दिवाळी म्हणजे आदल्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीमागे हिंडायचं, पहाटे शेजाऱ्यांच्या अंगणात कारीट फुटताना बघायचं आणि मग घरोघर जाऊन पोह्यांचे प्रकार खायचे. किल्ला करण्याची चाल मुख्यतः घाटावरची. त्या वर्षी शेजारी कोल्हापूरचे पाहुणे आले होते, त्यांच्या मुलांनी ती आमच्या वाडीत आणली.

आम्ही चिऱ्यांचे तुकडे रचले, वर ओलं गोणपाट टाकलं, त्यावर तांबडी माती लिंपली. मोहरी पेरली. कोल्हापूरच्या मुलांनी पिशवीत जपून आणलेली मातीची चित्रं मांडली. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, खाली गुहेत वाघ आणि का कोण जाणे, एक ट्रॅफिक पोलीस. गडग्यापलीकडून आमचे अब्बा हे सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अरे, समोर खरो किल्लो आसा, मगे ह्यो मातीचो कित्याक?"

सगळे हसले. उत्तर कुणालाच देता आलं नाही. आजचं हे बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

किल्ला झाला की लढाई आलीच. बाजू वाटताना पाहुण्यांपैकी एक मोठा मुलगा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा खानाकडचा." त्याच्या मनात वाईट काही नसावं. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकात अफझलखान होता, शाइस्तेखान होता, आणि त्या अंगणात खान म्हणण्यासारखा मी एकटाच होतो. मी काही बोललो नाही. उठून गडग्याकडे चालू लागलो. पडवीत शेजारचे आजोबा बसले होते. ते निवृत्त शिक्षक होते आणि सारी वाडी त्यांना मास्तर म्हणत असे. त्यांनी त्या मुलाला विचारलं, "महाराजांच्या आरमारातला दौलतखान कुणाकडचा होता रे?"

मुलाला दौलतखान माहीत नव्हता. मलाही नव्हता. मास्तरांनी नारळाचं एक सोडण उचललं, त्यात काडी खोचली, काडीला कागदाचं शीड लावलं आणि ती होडी माझ्या हातात दिली. "ही आरमाराची. आता हिला चालवायला पाणी कुठे आहे ते दाखवा."

पाणी नव्हतंच. समुद्राच्या काठावर राहणाऱ्या आम्ही मुलांनी डोंगरी किल्ला केला होता, कारण कोल्हापूरची मुलं तसाच करत. समोर रोज दिसणारा समुद्र आमच्या किल्ल्यातून राहूनच गेला होता. मग आम्ही सभोवती चर खणला, विहिरीचं पाणी ओतलं. ते तासाभरात जिरून जायचं, की आम्ही पुन्हा ओतायचो. त्या दिवाळीत मी दिवसभर पाणी ओतत होतो.

मास्तरांच्या त्या प्रश्नाने मला पुढे इतिहासाची पुस्तकं चाळायला लावली आणि सिंधुदुर्गाकडे नीट बघायलाही. या किल्ल्याचं भूमिपूजन 25 नोव्हेंबर 1664 रोजी झालं असं मानतात. ती जागा, मोरयाचा धोंडा, आजही मालवणच्या किनाऱ्यावर आहे. त्याच वर्षी जानेवारीत महाराजांची सुरतेवर स्वारी झाली होती. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी हाती लागत नव्हता, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज होते, जवळच वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. दर्यावर आपला पाय रोवायला जागा हवी होती. तेव्हा कुरटे नावाचं बेट निवडलं गेलं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षं काम चाललं. पायाचे चिरे शिसं ओतून बसवल्याचं सांगितलं जातं. बेटाचं क्षेत्र सुमारे 48 एकर, तट सुमारे 3 किलोमीटर लांब, 30 फूट उंच आणि 12 फूट रुंद.

हे आकडे किल्ल्यावरचे वाटाडेही सांगतात. पण आकड्यांपेक्षा त्यामागचे निर्णय बघावेत. पहिला निर्णय जागेचा. बेटाभोवती पाण्याखाली खडकच खडक आहेत. वाट माहीत असलेला मालवणचा तांडेल होडी सुखरूप नेतो. परक्या मोठ्या जहाजाला तिथे तळ फुटण्याची भीती. म्हणजे तट बांधण्याआधीच एक तट तिथे होता आणि तो पाण्याखाली होता. दुसरा निर्णय दरवाजाचा. महादरवाजा खुल्या समुद्राकडे नाही, मालवणच्या बाजूला आहे, आणि तोही वळणदार बुरुजांच्या आड असा दडवला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो कुठे आहे ते कळत नाही. तिसरा पाण्याचा. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चौथा सोबतीचा. किल्ला एकटा सोडला नाही. जवळ पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट असे पाठीराखे त्याला दिले.

नक्कलच करायची तर जंजिऱ्याचा नमुना होताच. पण कुरटे बेट म्हणजे जंजिऱ्याचं बेट नव्हे. इथला तट बेटाच्या कडेकडेने वळत जातो. नकाशात तो चौकोन नाही की वर्तुळ नाही, बेटाचा जो आकार तोच त्याचा. ज्याने हा किल्ला मनात आणला त्याने आधी खडक वाचला, भरती-ओहोटी वाचली, मग चिरा बसवला.

आता दौलतखानाविषयी. मुंबईच्या तोंडाशी खांदेरी नावाचं लहानसं बेट आहे. 1679 साली महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रज बिथरले. त्यांची जहाजं बेटाला वेढा घालून उभी राहिली. आतल्या लोकांना दाणागोटा आणि बांधकामाचं सामान पोहोचवणं हाच सारा प्रश्न होता. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी तो सोडवला. मोठ्या जहाजांना उथळ पाण्यात आणि पडलेल्या वाऱ्यात हलता येत नाही. लहान होड्या वल्ह्यांवर निसटून जातात. त्या लढायांत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं गलबत मराठ्यांच्या हाती पडलं, आणि खांदेरीचा किल्ला उभा राहिला. एक भंडारी, एक खान आणि वल्ही मारणारे कोळी यांनी मिळून राखलेलं ते बेट. ही गोष्ट चौथीत मला कुणी सांगितली असती तर मी अंगणातून उठलो नसतो.

मातीच्या किल्ल्याचा खेळ आपल्या मुलांचा असला, तरी अशी हौस जगात इतरत्रही आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने 1812 साली राजासाठी मेजावर डोंगर-नद्या मांडून लढाईचा खेळ केला. त्याच्या मुलाने 1824 साली तो नकाशावर आणला आणि लष्करात रुजवला. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी तर 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं, घरातल्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाई कशी खेळावी याचं. पुढे संगणक आला. 'एज ऑफ एम्पायर्स' 1997 साली, 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक'चा तिसरा भाग 1999 साली. दोन्हींत खेळणाऱ्याला स्वतःचा नकाशा रचायची सोय होती. मग चाहत्यांनी आपसात नकाशांच्या स्पर्धा सुरू केल्या. माझा पुण्याचा भाचा त्यातला. त्याने रचलेलं एक अद्भुत राज्य मला दाखवलं होतं. राक्षस, उडते घोडे, सोन्याच्या खाणी. मी विचारलं, "यात परीक्षक काय बघतात?" तो म्हणाला, "मामा, चित्र सुंदर आहे का एवढंच नाही बघत. खिंड कुठे ठेवली, खाण कुणाच्या वाट्याला दिली, दुर्बळ बाजूलाही जिंकायची वाट आहे का, हे बघतात." मला मास्तर आठवले. पाणी कुठे आहे ते दाखवा.

आपल्याकडे किल्ल्यांच्या स्पर्धा गावोगावी होतात. मंडळं, शाळा, गिर्यारोहणाच्या संस्था त्या घेतात. मुलांना किल्ल्याची माहिती तोंडी सांगावी लागते, हा फार चांगला नियम. काही ठिकाणी प्रतिकृती आणि काल्पनिक असे दोन गट असतात. पण काल्पनिक किल्ला म्हणजे ज्याला खऱ्याची माहिती नाही त्याचा, असा एक समज आहे, आणि तो मी स्वतः अनुभवला आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या एका स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. एका अंगणात रायगड होता. विकत आणलेले बुरूज, रंगवलेला दरवाजा, प्रत्येक वास्तूला नावाची पाटी. मुलाने माहिती घडाघडा म्हटली. तिथून आम्ही किनाऱ्यालगतच्या एका वाडीत गेलो. तिघा मुलांनी वाळू आणि चिऱ्यांचा किल्ला केला होता. नाव नाही, पाटी नाही. चराच्या पाण्यात मध्ये खडक, त्यावर तट, आणि सभोवती पाण्यात टाकलेले धारदार शिंपले. मी फिरून फिरून बघितलं आणि विचारलं, "दरवाजा खंय?" त्यातला धाकटा म्हणाला, "तुमका दिसलो तर तो दरवाजो कसलो?"

दरवाजा दोन दगडांच्या आड होता. शिंपले का टाकले विचारलं, तर म्हणाला, "बाबांचा जाळा फाटता थंयसर." बापाचं जाळं कुठे फाटतं हे त्या मुलाला ठाऊक होतं. खडक कुठे आहेत हे कळण्याचा याहून खात्रीचा मार्ग कुठला?

गुणपत्रिकेत शंभरापैकी चाळीस गुण 'मूळ किल्ल्याशी साम्य' यासाठी होते. या किल्ल्याला मूळच नव्हतं. ते चाळीस गुण द्यायचे कसे? मी वाद घातला, पण नेटाने घातला नाही. पाहुणा होतो, शिवाय महाराजांच्या किल्ल्याविषयी माझ्यासारख्याने फार बोलू नये, असं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होतं. ते तेव्हा मला स्वतःला कबूल करता आलं नाही, आज करतो. रायगडाला पहिलं बक्षीस मिळालं आणि ते योग्यच होतं. मुलाने मेहनत केली होती. त्या तिघांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. धाकट्याने ते उलटं-सुलटं करून बघितलं आणि खिशात कोंबलं. पुढच्या वर्षी मी आयोजकांना पत्र लिहिलं. त्यांनी मोठ्या मनाने काल्पनिक किल्ल्यांचा वेगळा गट केला. त्याच्या गुणपत्रिकेत साम्याऐवजी चार प्रश्न आहेत: जागा का निवडली, पाणी कुठे, दरवाजा कुठे, मदत कुठून येणार.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात आमचा सिंधुदुर्ग आहे, खांदेरी आहे, विजयदुर्ग आहे, पार तमिळनाडूतला जिंजीही आहे. आनंद सगळ्यांनाच झाला. पण या बारांची नावं पाठ करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे बारा एकमेकांसारखे नाहीत. साल्हेर उंच डोंगरावर, प्रतापगड जंगलात, पन्हाळा पठारावर, सुवर्णदुर्ग समुद्रात. ज्या राजवटीने ते उभे केले किंवा हाती घेऊन वाढवले, तिने प्रत्येक ठिकाणी तिथल्या जमिनीला आणि पाण्याला विचारून निर्णय घेतला, आणि तिथल्या माणसांना कामाला घेतलं. त्यांची हुबेहूब प्रतिकृती करणं हे आदराचं काम आहे, मुलांनी ते जरूर करावं. पण आपल्या अंगणाचा उतार बघून, आपलं पाणी कुठे साठतं ते बघून एखाद्या मुलाने कुठेच नसलेला किल्ला केला, तर तो मूळ किल्ला बांधणाऱ्यांच्या जास्त जवळ गेला असं मी म्हणेन.

साताऱ्याच्या मुलाला अंगणातून अजिंक्यतारा दिसतो, तरी तो दिवाळीत किल्ला करतोच. अब्बा आज नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं की समोरचा किल्ला कुणीतरी विचार करून बांधलेला आहे. आपल्याला तसा विचार करायचा असेल, तर माती आपल्या हातात घ्यावी लागते. आणि बाजू वाटायच्या आधी सभोवती पाणी ओतून घ्यावं. होडीतल्या माणसालाही जागा लागते.